आठशे नव्वद ग्रॅम

काचेच्या या बाजूला आम्ही चौघे,
अंधारात, निवलेल्या चहाचे कागदी पेले धरून.
त्या बाजूला शिन्चू शहरातली सहा माणसं,
आणि टेबलावर, दिव्याखाली,
मी केलेला लॅपटॉप.

म्हणजे, लॅपटॉप नव्हेच तो.
राळेचं कवच, घासून घासून गुळगुळीत केलेलं,
पडद्याच्या जागी छापील कागद
आणि पोटात लोखंडी वायसर,
एकेक मोजून डकवलेले,
काटा आठशे नव्वदवर येईपर्यंत.
काल रात्री दोन वाजता एक जास्त झाला
म्हणून सगळं पुन्हा उकललं होतं मी.

"उचलून बघा," बाई म्हणतात.

फान काइ-रुई, अजून कॉलेजात,
दोन बोटांवर तोलतो.
"भारीच! म्हणजे, हलका आहे म्हणून भारी.
पण रंग माझ्या आजोबांच्या मोज्यांचा."
अंधारात आमचा रंगवाला खाली बघतो.
त्या रंगाचं नाव त्यानं ठेवलं होतं
पहाटेचं धुकं.

दातांची डॉक्टर ल्यू मनगट टेकवते, काढते,
पुन्हा टेकवते.
"ही कड बोचते."
मी मार्चपासून हेच सांगत होतो.
तेव्हा माझ्या शब्दाला
एवढंही वजन नव्हतं.

शाळामास्तर योउ उलटसुलट करून विचारतात,
"भोकं दोनच? वर्गातला प्रोजेक्टर
मग खुपसू कुठे?"
आणि विम्याचे गाओ,
घामेजलेले, टाय सैल,
उघडतात, मिटतात, उघडतात, मिटतात.
"बिजागरी झकास. पण मिटल्याचा आवाज नाही हो.
आवाज हवा.
दिवस संपला, हे माणसाला कळायला नको?"
कोणी हसत नाही.
बाई लिहून घेतात: *आवाज*.

एक मुलगी म्हणते, अजून पातळ करा.
किती पातळ, ते तिला सांगता येत नाही.
ती हवेत दोन बोटं जवळ आणते,
आणखी जवळ,
आणि आमचा साहेब काचेला नाक लावून
त्या फटीत डोळे घालतो.

शेवटी चुआंग श्यो-फेन, वय सदुसष्ट.
यादीत त्यांच्यापुढे 'गृहिणी' लिहिलंय.
त्या उचलत नाहीत आधी. तळहातानं पाठ चाचपतात,
जसा ताप बघावा.
मग कानाशी नेऊन हलवतात.

खुळ्ळ.

एक वायसर सुटलेला.
माझ्या हातातला चहा सांडतो.

"एकोणीस वर्षं लाइनवर डाख लावला मी," त्या म्हणतात,
"बायकांचं नाव कुठल्या डब्यावर नसायचं,
पण खुळखुळणारा डबा पुढे जायचा नाही.
आत काही नाहीये ना यात?"
बाई म्हणतात, नमुना आहे, आजी.
"मग ठीक," त्या म्हणतात. "नमुना म्हणून चांगला आहे.
पण इतका हलका,
की पिशवीत आहे का बसमध्ये राहिला
हे खांद्याला कसं कळायचं?"
आणि ठेवतात तो परत,
आवाज न करता,
आतला वायसर जागा होऊ नये इतक्या बेतानं.

अहवालात आलं: वजन, सहापैकी पाच समाधानी.
रंग बदलावा. कड बघू.

संध्याकाळी नमुना पाठीवर टाकून निघालो.
या गावचा वारा स्कूटरला आडवा ढकलतो,
सिग्नलला पाय रोवून उभं राहावं लागतं.
तिथे उभा असताना माझा हात
आपोआप मागे गेला.
होता.

घरी आल्यावर काट्यावर ठेवला.
आठशे नव्वद.
सुटा असो की डकवलेला,
वायसर तेवढाच भरतो.
गोंदाची नळी उघडली,
टोकाशी सुकलेली, टाचणीनं मोकळी केली,
आणि मग एकदा, बायको झोपलीय बघून,
कानाशी नेऊन
हलवला.