गळून राहिलंय

लष्करातल्या कॉलेजात धड ब्युरेट एकच होती,
आणि तीही गळकी.
रामसेवकजी तोटीला व्हॅसलीन लावायचे,
एकदा मेणबत्ती घासून पाहिली,
तरी बंद केल्यावर दोन थेंब पडायचेच,
निरोप घेऊन उठलेले पाहुणे
दारात चपला घालता घालता
पुन्हा बोलत उभे राहतात, तसे.

मी बारावीची. फाळके सरांच्या शब्दावर
चारनंतर आत यायची परवानगी.
तिथे शिकले:
हात दोन थेंब आधी थांबवायचा.
उरलेलं काम गळती करते.

मुंबईच्या शिबिरात मी म्हटलं,
"सर, माझी ब्युरेट गळून राहिली आहे."
पुण्याचा एक मुलगा हसला.
"गळतेय म्हण ना. गळून राहिली काय?"
रात्री पांघरुणात मी गळतेय म्हणून पाहिलं.
त्यात पाणी फार लवकर संपतं.
ग्वाल्हेरला गळणं बसतं ऐसपैस,
पाय पसरून, दिवेलागणीपर्यंत.

मग कोट आला. निळा,
खिशावर देशाचं नाव शिवलेलं,
बाह्या दोन बोटं लांब.
आई म्हणाली, दुमडून टाच घाल, कापू नको,
परत मागतील.
आषाढात गजक करायला हलवाई तयार नव्हता,
त्याच्याशी भांडून तिने अर्धा किलो आणली:
परदेशी मुलांना दे,
आणि सांग, कुठली ते.

तिकडे सूर्य रात्री अकराला मावळायचा.
आम्ही चौघं: कोट्टयम, जयपूर, पुणे आणि मी.
दुसऱ्याच रात्री चौघांचीही पोटं बिघडली
आणि देश म्हणजे
इनोची एक पुडी होती,
चार ग्लासांत मोजून वाटलेली.

प्रयोगाच्या दिवशी
बिल्ल्यावर माझं नाव इरावटी.
टेबल पांढरं, भिंती पांढऱ्या,
तोटी नुसत्या बोट टेकण्याने फिरणारी.
परमँगनेट जांभळाच्या रसासारखं,
डाव्या हातात फ्लास्क गोल गोल,
रंग येतो, विरतो, येतो, विरतो,
अगदी उंबऱ्यापाशी आला
आणि मी सवयीने
तोटी बंद केली.

थांबले.

ब्युरेटचं टोक कोरडं.
शेजारचा कझाक मुलगा आकडा लिहून मोकळा.
विमानतळावर कुणी साहेब म्हणाले होते,
एकशे चाळीस कोटी लोक तुमच्याकडे बघताहेत.
बघत असतील.
मी त्या दोन थेंबांची
वाट बघून राहिले होते.

पडायचेच नव्हते ते.
कळलं तेव्हा घाईने तोटी उघडली,
आणि फ्लास्क एका क्षणात जांभळाकाठ.
पुढचे दोन फ्लास्क नीट जमले,
पण तोवर हात माझा राहिला नव्हता.

कांस्य.
पुण्याच्या त्याला सुवर्ण.
रात्री तो खोलीच्या दारात आला, काय झालं विचारलं,
मी सगळं सांगितलं, गळतीसकट.
हसेल असं वाटलं.
चुऱ्याची झालेली गजक चमच्याने खात
तो बराच वेळ बसून राहिला.

ग्वाल्हेर स्टेशनवर ढोल, नगरसेवक,
आणि फलक: गणितात सुवर्ण.
बाबा दुरुस्त करायला पुढे झाले,
आईने त्यांची बाही धरली.

सोमवारी चारला कॉलेजात गेले.
रामसेवकजींनी पदक हातात घेतलं,
वजन बघितलं, परत दिलं.
"वहाँ का ब्युरेट कैसा था?"
"टपकता ही नहीं था, चाचा."
ते फडक्याने तोटी पुसत राहिले.
मग म्हणाले,
"तो फिर तू रुकी काहे को?"

उत्तर नव्हतं.
मी ब्युरेट भरली, सोडली, बंद केली
आणि खाली तळहात धरला.
एक.
बऱ्याच वेळाने, दुसरा.
"दाग पड़ेगा," ते म्हणाले.

पडला.
गुरुवारी शाळेत सत्कार होता.
नारळ घ्यायला हात पुढे केला, तेव्हाही होते
दोन तपकिरी ठिपके,
जवळजवळ, बोलत उभे असल्यासारखे.