बिन

सूरच्या गोदीत शुक्रवारी काम बंद.
लाकडाच्या भुशात चपला काढून बसलो.
म्हाताऱ्या खमीसनं पत्र्याच्या पेटीतून वही काढली:
त्याच्या आज्याच्या गलबताची, खलाशांच्या पगाराची.

दाभोळला घरी दोन गोष्टी चालतात.
चुलते म्हणतात, पणजोबांचा बाप सुतार होता, बुडाला.
फुफी म्हणते, कसला बाप, खजुराच्या गोणीत सापडला,
आणि हसता हसता ओढणी तोंडाला लावते.

खमीसचं बोट उजवीकडून डावीकडे सरकलं.
दाऊद बिन
आणि पुढं वाळवीनं खाल्लेलं, आरपार.
भोकातून खालच्या पानावरचा तांदळाचा हिशेब दिसत होता.

इथं बिन म्हणजे अमक्याचा लेक.
आमच्याकडं बिनमिठाचं, बिनबुडाचं.
दाऊद दोन्हीकडं बसतो.

वही मिटायला गेलो तर म्हणाला, थांब.
अकरा रुपये, खजुराची एक गोण.
पोर लहान, म्हणून पगार नेला आईनं.
मबरूका.

हे नाव आमच्या घरात
कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही.
आजोबांचे केस मात्र
कितीही खोबरेल चोपडलं
तरी बसायचे नाहीत.