चुन्याची रेघ

थिवीच्या मैदानावर चुना मी मारतो.
प्रुदेन्सियो आला, तेव्हा पहिलं विचारलं
जाळ्याबद्दल नाही, रेघेबद्दल:
कोचनं उभं राहायचा चौकोन केवढा?

एकोणीस वर्षं गोलकीपर, स्पेनच्या कुठल्याशा
तिसऱ्या दर्जाच्या क्लबात, जिथं हिवाळ्यात
हातमोजे शिळ्या पावासारखे कडक व्हायचे.
डाव्या करंगळीला तीन वळणं.
म्हापशाच्या बाजारात तो सुके बांगडे दाखवतो
तेव्हा ती भलत्याच टोपलीकडे बघते.

मॅनेजर झाला तरी जागा तीच:
खेळ समोर, आपण रेघेआड.
पेनल्टी मिळाली की तो पाठ फिरवतो
आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतो.
मला काही लपवता येत नाही.

सात हारी. बुधवारी कागद आला.
संध्याकाळी दिवे मालवायला गेलो, तर
हा गोलात, इस्त्रीच्या शर्टात.
"सगुण, मार."

मी अनवाणी. चेंडू गेला उजवीकडे,
तो डावीकडे, अख्खाच्या अख्खा,
छप्पन्न वर्षांसकट.
उठला. कोपराला तांबडी माती.
"मी बरोबर होतो," म्हणाला, "चेंडू चुकला."

दुसऱ्या दिवशी मी चुना मारला.
चौकोन हातभर मोठा झाला.
कुणी मोजला नाही.