फळीवर वजन

कुहीच्या रस्त्याला लागून तीन एकर,
अकरा वर्षं पडीत.
काशीचं गवत, बाभळीची पिल्लं,
रानडुकरांनी उकरलेले खड्डे.

दमडू ठवकरनं आधी पलटी नांगर घातला,
मग रोटाव्हेटर. दोनदा पातं वाकलं,
एकदा जुन्या कुंपणाची तार गुंडाळून आली,
ती सोडवण्यात दुपार गेली.

"ताई, फळीवर वजन पाह्यजे."
काळ्या रानात दगड कुठून आणू?
मीच बसले.
लहानपणी बसायची तेव्हा
बाबा वरून मांडीवर धोंडा द्यायचे.
आज दमडूनं मागं वळून पाहिलं,
नुसता हसला.

ढेकळं फुटली, खड्डे बुजले,
काका-बाबांमधला धुराही मोडला.
अंधार पडता पडता
सपाट वावरातून घराकडे निघाले,
तर नेमक्या त्या जागी
पाय आपोआप उचलला गेला.