फोटोखालची ओळ

डावीकडे ग्रँडमास्टर आइवार्स ग्रुंडुलिस,
उजवीकडे ‘नॉर्डर ३’.
लेवार्डनच्या पेपरात असंच छापून आलं होतं.
फोटोत उजवीकडे मी आहे.
करडा स्वेटर, बायकोनं विणलेला,
एक बाही जरा लांब.

नॉर्डर शेजारच्या खोलीत होता,
फ्रिजएवढा, आणि फ्रिजसारखाच घुंऽऽ करत.
पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची,
मी ती वाचायचो,
उंट उचलायचो, सांगितलेल्या घरात ठेवायचो,
घड्याळाची कळ दाबायचो.
खेळ मला येत होता, क्लबापुरता,
म्हणून तर पहिल्याच दिवशी बजावलं होतं :
वीबे, चेहरा कोरा ठेवायचा.

हॉल जुना, गुरांच्या बाजाराचा.
हीटर लावले की फरशीतून वास यायचा,
तीनशे माणसं तो वास घेत गप्प बसायची.
मधल्या सुट्टीत पोरं सह्या घ्यायला आली.
ग्रुंडुलिसपुढे चार,
नॉर्डरच्या दाराशी रांग जिन्यापर्यंत.
कंपनीनं रबरी शिक्का करून आणला होता,
तिरप्या अक्षरांत सही, खाली एक छोटा हत्ती.
शिक्का मीच मारत होतो.
एकानं माझ्यापुढे वही धरली,
त्याचा बाप म्हणाला, अरे, हे नव्हेत.

एकोणतिसावी खेळी.
पडद्यानं सांगितलं, घोडा मागे घे.
प्यादं उघडं पडत होतं. फुकट.
मी घोडा मागे घेतला
आणि माझी भुवई वर गेली.
एवढीशी. माशी बसल्यावर जाते तेवढी.

ग्रुंडुलिस पटाकडे बघत नव्हता.
तो चाळीस वर्षं माणसांशी खेळत आला होता,
समोरच्याच्या गळ्याची घाटी, कानाच्या पाळ्या,
कप खाली ठेवतानाचा आवाज,
हे सगळं त्याच्या हिशेबात असायचं.
त्यानं माझी भुवई वाचली
आणि प्यादं मारलं.

पुढच्या अकरा खेळ्यांत संपलं.
टाळ्या पडल्या. लोक उभे राहिले,
बंद दाराकडे तोंड करून.
हात कुणाला द्यावा, त्याला क्षणभर सुचेना,
मग त्यानं माझा धरला. ओलागार होता.
जर्मनमध्ये म्हणाला, छान खेळलात.
मी म्हणालो, आभारी आहे.
दुसरं काय म्हणणार होतो?

नॉर्डर आता ग्रोनिंगनला, काचेच्या कपाटात,
पितळी पाटीवर नाव, गाव, जन्मसाल.
ग्रुंडुलिस लिएपायाला गेला तेव्हा सहा ओळी आल्या,
त्यातल्या चार त्या एका डावाच्या.
रीगा, ताल्लिन, बाकीचे सगळे विजय
एका ‘इत्यादी’त.

परवा नात विचारत होती,
आजोबा, जगात सगळ्यात भारी कोण खेळतं?
तिच्या फोनमध्ये बसलंय ते
नॉर्डरला झोपेत हरवेल,
आणि त्याचं नाव तिलाही ठाऊक नाही.
मी विचारलं, माणसांत का?
आमच्या वेळी ही सप्तमी लावावी लागत नव्हती.
ती म्हणाली, हो, बरं, माणसांत.

मी सांगायला लागलो,
तर तिला आधी फोटोच हवा होता.
ट्रंकेतून काढून दिला. तिनं ओळ वाचली,
उजवीकडे बोट ठेवलं,
माझ्याकडे बघितलं
आणि तिची भुवई वर गेली.