कुठल्या तारखेपासून

एस्किशेहिरला, पोर्सुक नदीच्या पल्याड,
आमचा कारखाना दुधाच्या नळ्यांचे व्हॉल्व्ह बनवतो
आणि मी, नेरिमान, काहीच बनवत नाही.
मी मोजते.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी
जेवणघराच्या दाराशी फळ्यावर आकडा चढतो :
वेळेवर आणि पूर्ण, शेकडा सत्त्याण्णव.
शेवकेत त्याखाली उभा राहून चहा ढवळतो,
म्हणतो, माझ्या पोराला गणितात कधी पडले नाहीत एवढे.
मग फोर्कलिफ्टवर चढतो
आणि तीन आठवडे तिथेच बसलेल्या पेट्यांना
वळसा घालून जातो.

आमच्या भाषेत सोझ म्हणजे शब्द,
आणि दिलेलं वचन, तेही सोझच.
माझ्या तक्त्यात त्याचा एक रकाना आहे.
रकान्यात खोडता येतं.

कार्सच्या झ्युहरे हानमनी बारा व्हॉल्व्ह मागितले
तीन फेब्रुवारीला.
आम्ही म्हटलं दहा.
ओतकामात भेग निघाली, म्हटलं सतरा.
मग कुणीच काही म्हटलं नाही,
फक्त रकान्यात सव्वीस आलं.
माल पोचला पंचवीसला.
यंत्रणेनं ओळ हिरवी केली :
एक दिवस आधी.

मी ती ओळ बराच वेळ बघत राहिले.
शब्द फिरवला की उशीर कुठे जातो?
नाहीसा तर होत नाही.
कुणाच्या तरी अंगणात जाऊन बसतो,
तिथे आमचा फळा नाही.

तिथे गायी आहेत.
गायींना तारीख वाढवून मिळत नाही.

एकदा सगळे घरी गेल्यावर
मी वर्षभराच्या ऑर्डरी पुन्हा मोजल्या,
गिऱ्हाइकानं पहिल्यांदा तोंडातून काढलेल्या दिवसापासून.
एकसष्ट.
खिडकीत बर्फ होता की माझाच श्वास, कळेना.
दुसऱ्या दिवशी तहसीन साहेबांनी कागद पाहिला,
चष्मा काढला, पुसला, घातला.
म्हणाले, नेरिमान, आकडा चूक नाही.
पण कुठून मोजायचं हे ज्यानं ठरवायचं
तो मी आहे.
आवाज चढला नाही त्यांचा.
बिस्किटंही पुढे केली.

मी घेतलं एक. खोटं कशाला सांगू.

आणि तेवढ्यात झ्युहरे हानमचा फोन.
बारा नव्हते. अकरा होते.
तक्त्यात अकरा म्हणजे शेकडा ब्याण्णवच्या जवळपास,
तिच्या वाहिनीत अकरा म्हणजे शून्य :
एक तोंड उघडं, तर दूध चालत नाही.
ती रागावली नाही, हेच वाईट.
म्हणाली, बाई, तुमचा माणूस मोजताना दमला असेल.

मोजताना दमलेला माणूस शेवकेत नव्हता.

संध्याकाळी आम्ही दोघांनी शेल्फच्या मागून
एक व्हॉल्व्ह शोधला, कुणाच्याच नावावर नसलेला.
त्यानं तो आपल्या मफलरीत गुंडाळला,
मी बसस्थानकावर नेला,
आणि पूर्वेकडच्या रात्रीच्या गाडीच्या चालकाला
सिवासच्या घाटात खिडकी उघडू नकोस म्हणून
उगाच बजावलं.
पावती नाही. ऑर्डर क्रमांक नाही.
यंत्रणेला विचाराल तर ती खेप निघालीच नाही.

परत येऊन मी तक्त्याला एक रकाना जोडला,
कुणी न मागितलेला :
समोरच्यानं वाट पाहिली ते दिवस.
झ्युहरेच्या ओळीत बावीस लिहिले,
आणि पुढे टिंब टिंब, कारण अजून संपले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपार उलटून गेल्यावर फोन.
पोचला, ती म्हणाली. मागे यंत्राची घरघर होती.
मी पेन उचललं. किती वाजता?

अगं, ती ओरडली घरघरीवरून,
घड्याळ कोण बघतंय,
मी मफलर सोडवत होते.