पेटी गार आहे तोवर

ताईस्तो म्हणाला, घरी गेल्या गेल्या उघडू नकोस.
बाहेर उणे सव्वीस, आत तुझा हीटर.
लाकूड सोसेल, वरचं पॉलिश सोसणार नाही,
केसाएवढ्या रेघांनी तडकत जाईल.
चार तास. मग एक कडी. मग दुसरी.

म्हणून बसले आहे, कोटसुद्धा न काढता,
स्वयंपाकघरात, पेटीसमोर,
पाहुण्यानेच आधी बोलावं असं वाटत असल्यासारखी.
खिडकीबाहेर कायानी शहराची नदी, थिजलेली.
एकसष्टाव्या वर्षी घेतलेली
ही पहिली वस्तू, जिच्यावाचून
कुणाचंच काही अडलं नव्हतं.
भावाने फोनवर विचारलं, कितीला पडली?
मी निम्मा आकडा सांगितला.

ओलाव्याबद्दल मात्र मला कुणी शिकवू नये.
एकतीस वर्षं कागद गिरणीत, तिसऱ्या यंत्रावर.
अंगठ्याने चाचपून सांगायचे:
सहा टक्के, साडेसहा, हा आता जाणार.
एका कडेला ताण जरासा वाढला
की धावता पन्हा टर्रकन फाटे
आणि अर्धी पाळी आम्ही लगदा उपसत राहू.
तेव्हा ताईस्तो मानेतली सळई समजावू लागला
ते वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं:
तारा मान पुढे ओढतात, सळई मागे धरते,
हिवाळ्यात लाकूड सुकतं
आणि दोघांचं बिनसतं.
पाव फेरा फिरव, तो म्हणाला. पावच.
मग एक दिवस हाताची घडी घालून बस.
गिरणीच्या साहेबांना हे कधी जमलं नाही.

आणखीही बरंच बोलला, दुकानात दुसरं कुणी नव्हतं.
वाजवून झालं की तारा पूस, जुनी बनियन चालेल.
घामाने गंजतात,
आता तुझा घाम कसा आहे मला काय माहीत.
(आठ वर्षं एका पाळीत होतो. माहीत आहे.)
सूर लावताना तार खाचेत अडली, टिक् वाजली,
तर खाचेत शिसपेन्सिल घास, घसरेल.
चुंबकांभोवती तांब्याची तार आहे,
हजारो वेढे, पापणीच्या केसाहून बारीक,
तिथे कौतुकाने स्क्रू ड्रायव्हर नेऊ नकोस.

नऊ वाजून पाच. पहिली कडी.
नव्या रंगाचा, लोखंडाचा वास.
फिकट हिरवी, दवाखान्याच्या भिंतीसारखी.
हाच रंग कुणी नेत नव्हतं.

वायर न जोडता छेडून पाहिली.
जवळजवळ काहीच नाही.
डावा कान गिरणीने ठेवून घेतला,
उजव्यात कायम कापूस.
मग पडदा ओढला, दाराला कडी घातली,
आणि तिच्या वरच्या शिंगाला दात टेकवून
सर्वांत जाड तार सोडली.

कवटीत उमटली ती.
दाढेच्या सिमेंटमध्ये,
डाव्या कानामागच्या हाडात, जिथे
इतक्या वर्षांत कुणी आलं नव्हतं.
पुन्हा सोडली. लाकडावर थुंकी लागली,
बाहीने पुसली. त्याने सांगितलेलं फडकं
शोधायला उठवेना.

मग ॲम्प्लिफायर. त्याची गुणगुण
आधी तळव्यांना कळली, मग उजव्या कानाला.
तिच्याबद्दल ताईस्तोने आधीच माफी मागून ठेवली होती:
या जातीच्या गिटारीत येतेच, घरातली वीज ऐकू येते तिला.
खुर्ची फिरवत राहा, एका दिशेला ती पडते.

फिरवली. फ्रिजकडे, वाढली.
खिडकीकडे, थोडी कमी.
कोटाच्या खुंटीकडे तोंड केलं
आणि एकदम स्वच्छ शांतता,
विकत घेतल्यासारखी.

थोडा वेळ तशीच बसले.
मग खुर्ची परत फ्रिजकडे वळवली.
पाळी सुरू व्हायच्या आधी, कागद चढायच्या आधी,
रूळ नुसतेच फिरत असताना
शेडचा पत्रा असाच बोलायचा,
आणि आम्ही डबे ठेवून, हातमोजे चढवत,
न बोलता त्यात उभे राहायचो.

सूर अजून एकही येत नाही.
इथे बसून शिकेन म्हणते.